अनुदान येईल हो, पण तोवर चूल कशी पेटायची?

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आपल्या गावात एखाद्या शाळेच्या पटांगणात नाहीतर देवळाच्या सभामंडपात एक टेबल मांडलेलं असतं. रंगवलेल्या पणत्या, कागदी आकाशकंदील, उटण्याच्या पुड्या, सुवासिक साबण. वर फलक असतो, ‘विशेष मुलांनी तयार केलेल्या वस्तू’. आपण थांबतो, चार पणत्या जास्तच घेतो, ‘किती छान रंगवल्यात गं!’ म्हणतो, आणि पिशवी सांभाळत घरी येतो. त्या दिवशी मनाला बरं वाटतं.

पण मैत्रिणींनो, पणत्यांच्या विक्रीवर शाळा चालत नाही. त्या मुलांना रोज घरून आणणारी रिक्षा, त्यांना शिकवणाऱ्या बाई, त्यांचे कपडे बदलणाऱ्या मावशी, भाड्याची जागा आणि विजेचं बिल हा सगळा खर्च कुठून होतो, असं कुणी विचारलं तर आपलं उत्तर ठरलेलं असतं: ‘सरकार देत असेल की! अशा संस्थांना भरपूर अनुदान असतं म्हणे.’

असतं, हे खरं. पण ते कुणाला मिळतं, किती मिळतं, आणि मुख्य म्हणजे केव्हा मिळतं, हे आपल्यापैकी फार थोड्याजणींना ठाऊक असतं. ठाऊक करून घ्यायला हवं. कारण अशा मुलाची आई आपल्या आळीतच राहते, कधी ती आपली नणंद असते, कधी मैत्रीण, आणि कधी आपण स्वतःच. शिवाय ह्या संस्थांचा जीव जिथे अडकतो ती गोष्ट, म्हणजे तुटपुंज्या पैशात महिना काढणं आणि पै-पैचा हिशेब ठेवणं, ती आपल्याइतकी कुणाला कळणार?

आधी आया, मागून अनुदान

ह्या कामाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सरकार पुढे आणि संस्था मागे असं सहसा झालेलं नाही. आधी एखादी आई उभी राहिली, मग संस्था झाली, आणि अनुदान आलं ते त्यानंतर.

फातेमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्यावर उपचार करता करता, असं मूल असलेल्या इतर घरांनी काय करायचं हा प्रश्न त्यांना गप्प बसू देईना. १९४७ साली त्यांनी मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था काढली. हाजी अलीचं मुलांचं अस्थिव्यंग रुग्णालय ह्याच कामातून पुढे आलं. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी होती. अशा मुलांना शिकवणारी शाळा आसपास नव्हती, म्हणून १९७२ साली त्यांनी कुलाब्याला एका बंगल्यात तीन मुलांवर शाळा सुरू केली. तीच पुढे स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया म्हणून नावारूपाला आली. नर्गिस दत्त तिच्या पहिल्या आश्रयदात्या होत्या. १९७७ साली नाशिकला रजनीताई लिमये यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, तेही घरातल्याच अनुभवातून. १९८४ साली कोल्हापुरात स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र आपल्यातल्या अनेकींनी वाचलेलं असेल.

सरकारनेही हातावर हात ठेवले होते असं नाही. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं. दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्षा. सामाजिक काम करणाऱ्या संस्थांना सरकारी तिजोरीतून मदत द्यायची, ही वाट तिथून रुंद झाली. अपंगांसाठी स्वतंत्र कायदा यायला मात्र १९९५ साल उजाडलं. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला. त्यानंतर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ झाले. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी कागदांवर आला. महाराष्ट्राने तर डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागच काढला.

शब्द बदलले, खाती बदलली. पण महिन्याच्या सात तारखेला बाईंचा पगार कुठून द्यायचा, हा संस्थेच्या चिटणीस ताईंचा प्रश्न तसाच राहिला.

पैसा येतो तरी कुठून कुठून?

अनुदान म्हणजे एकच थैली नव्हे. त्याचे झरे वेगवेगळे, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

पहिला झरा राज्य सरकारचा. आपल्या राज्यात अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळा आहेत, आणि अठरा वर्षांवरच्यांसाठी कार्यशाळा आहेत. ज्यांना ‘अनुदानित’ असा शिक्का मिळाला आहे त्यांच्या मंजूर शिक्षकांचे पगार सरकार देतं. निवासी शाळा असेल तर मुलांच्या जेवणाखाण्यासाठी परिपोषण अनुदान असतं. पण बऱ्याच शाळांना परवानगी मिळते ती ‘विनाअनुदानित’ म्हणून. फलक तसाच, मुलं तशीच, बाईही तेवढ्याच शिकलेल्या, फक्त पगार संस्थेने आपल्या पदराचा द्यायचा. तेव्हा ‘शाळा सरकारमान्य आहे’ आणि ‘शाळेला सरकार पैसे देतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे ध्यानात घ्या. मान्यता म्हणजे काही पगार नव्हे!

दुसरा झरा केंद्राचा. स्वयंसेवी संस्थांना मदत देणारी ही योजना १९९९ साली एकत्र बांधली गेली, २००३ साली तिला दीनदयाळ पुनर्वसन योजना हे नाव मिळालं, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिचे सुधारित नियम लागू झाले. विशेष शाळा, लहान बाळांची लवकर तपासणी व उपचार केंद्रं, घरी जाऊन दिलेली सेवा, मानसिक आजारातून बऱ्या होणाऱ्यांसाठी मधल्या मुक्कामाची घरं, अशा कामांना तीतून पैसा मिळतो. संस्था नोंदणीकृत हवी, दिव्यांग कायद्याखाली तिच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र हवं, आणि साधारणपणे दोन वर्षं काम केलेलं हवं.

तिसरा झरा राष्ट्रीय न्यासाचा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता ह्या चार गटांसाठी हा न्यास आहे. कायद्यानेच त्याला एकदाची १०० कोटी रुपयांची ठेव मिळाली. लहान मुलांची केंद्रं, मोठ्यांची दिवसभराची केंद्रं आणि एकत्र राहण्याची घरं ह्यांसाठी त्याच्या योजना आहेत.

चौथा झरा अगदी आपल्या दारातला. राज्य शासनाच्या आदेशाप्रमाणे ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. ह्याची गोष्ट पुढे सांगते.

पाचवा झरा कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. विशेष शिक्षण हे त्यात बसतं. मात्र कंपन्यांना बहुधा दिसेल असं काहीतरी द्यायचं असतं: संगणक, व्हॅन, नाव कोरलेली खोली. व्हॅन येते, पण तिच्या डिझेलला आणि ड्रायव्हरच्या पगाराला पैसे कुणी देत नाही. मग ती व्हॅन शाळेच्या कोपऱ्यात धूळ खात उभी राहते.

आणि सहावा झरा म्हणजे तुम्ही-आम्ही.

९० टक्के म्हणजे किती?

केंद्राच्या योजनेत साधारणपणे ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, असं ऐकलं की वाटतं, मग राहिलंच काय? दहा टक्के तर पणत्या विकूनही जमतील! घोडं अडतं ते इथेच. हे ९० टक्के संस्थेच्या खऱ्या खर्चाचे नसतात. सरकारने प्रत्येक बाबीसाठी जो दर ठरवलेला असतो, त्या मान्य खर्चाचे असतात.

आपण घरच्या हिशेबासारखं मांडून बघू या. समजा, एका तालुक्याच्या गावात ३० मुलांची शाळा आहे. चार विशेष शिक्षिका, आठवड्यातून तीनदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट, दोन मावशी, दोन रिक्षा, घरभाडं, वीज, किरकोळ. महिन्याचा खर्च दीड लाख रुपये. आता सरकारी दराप्रमाणे त्यातले एक लाखच मान्य झाले. एक लाखाचे ९० टक्के म्हणजे ९० हजार. उरले ६० हजार रुपये. दर महिन्याला! वर्षाला सात लाख वीस हजार. हे आकडे उदाहरणादाखलचे, पण हिशेबाची रीत ही अशीच.

बरं, ते ९० हजार तरी एक तारखेला हातात पडतात का? नाही. आधी खर्च करायचा, पावत्या जपायच्या, वर्षअखेर लेखापरीक्षण करून घ्यायचं, मिळालेल्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, अर्ज संगणकावर भरायचा, जिल्ह्यातून तपासणी व्हायची, राज्याने शिफारस करायची, आणि मग दिल्लीहून मंजुरी. वरातीमागून घोडं म्हणतात ना, तसं. पगार कारकुनाच्या टेबलावर अडकून पडलेल्या घरात वाण्याची उधारी कशी चढत जाते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना अधिक सांगायला नको.

आता ह्या उशिराची किंमत कोण मोजतं? कागदावर पाहिलं तर संस्था. खरं म्हणाल तर मूल.

अशा मुलाला आपल्या हाताने घास तोंडात घालायला शिकवायला बाईंना कधी कधी वर्ष लागतं. त्यात शिकवण्याइतकाच विश्वासाचा भाग असतो. त्या बाईंचा आवाज, त्यांची साडी, त्यांचं ‘शाब्बास रे राजा’, ह्या सगळ्याला मूल सरावतं. चार महिने पगार झाला नाही की बाई तरी काय करणार? त्यांनाही घर आहे, पोरं आहेत. त्या सोडून जातात. नव्या बाई येतात, मूल त्यांच्याकडे बघतही नाही, ताट भिरकावतं. वर्षाची मेहनत महिन्याभरात पुसली जाते. पुढे ते अनुदान येतंही, अगदी पै न् पै येते. पण मुलाचं गेलेलं वर्ष काही त्या चेकातून परत येत नाही.

म्हणून संस्थेला सर्वांत जास्त गरज असते ती मोठ्या देणगीची नव्हे, तर नियमित येणाऱ्या लहान पैशाची. वरच्या उदाहरणातली ६० हजारांची खिंड बघा. १२० घरांनी महिन्याला ५०० रुपये दिले तर ती भरते. १२० घरं म्हणजे काय हो? मोठ्या सोसायटीच्या चार इमारती, किंवा दोन-तीन महिला मंडळं. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण मुलांच्या वहीत लिहून घेतोच की!

घोडं कागदावर का अडतं?

अनुदान न मिळण्याचं खापर आपण नेहमी सरकारवर फोडतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण कितीतरी वेळा गाडी अडते ती संस्थेच्या स्वतःच्या कागदपत्रांवर. नोंदणी प्रमाणपत्राची मुदत संपली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. हजेरीपटावर ३० मुलं, तपासणीच्या दिवशी दप्तरात दाखले २२ जणांचेच. धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्तांच्या बदलाची नोंद केलेली नाही. पावती आहे पण तिच्यावर तारीख नाही. मुलांवर जीव ओवाळून टाकणारी माणसं बऱ्याचदा कागदाच्या बाबतीत उदास असतात. ‘आम्ही सेवा करतो, कारकुनी नाही’ असं म्हणतात. पण अनुदान सेवेकडे बघून मिळत नाही, सेवेच्या नोंदीकडे बघून मिळतं.

इथे आपल्यासारख्या गृहिणींचा फार उपयोग आहे. दूधवाल्याचं कार्ड, गॅसच्या नोंदी, वीसजणींची भिशी हे सगळं आपण वर्षानुवर्षं एक रुपया इकडचा तिकडे न होता सांभाळतो. आठवड्यातून दोन दुपारी जवळच्या संस्थेत जाऊन नुसती फाइल लावून दिलीत, तरी ती मोठी देणगीच होईल. काय काय लावायचं, त्याची ही यादी कापून ठेवा:

१. संस्थेची मूळ नोंदणी, घटना आणि विश्वस्तांची चालू यादी.

२. दिव्यांग कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याची मुदत संपण्याची तारीख. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर तांबड्या शाईने लिहा, आणि सहा महिने आधी पुन्हा एकदा लिहा.

३. नीती आयोगाच्या ‘दर्पण’वरची संस्थेची नोंद. केंद्राच्या अर्जासाठी तो क्रमांक लागतो.

४. प्रत्येक मुलाचा दिव्यांगत्वाचा दाखला, वैश्विक ओळखपत्राचा क्रमांक, जन्मदाखला, आणि पालकांची सही असलेला प्रवेश अर्ज.

५. शिक्षकांची शैक्षणिक प्रमाणपत्रं आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडची नोंदणी.

६. रोजची हजेरी, मुलांची आणि कर्मचाऱ्यांची. दिवसाच्या दिवशी भरलेली, महिनाअखेरीला एकदम नव्हे!

७. खर्चाच्या पावत्या महिनावार लावलेल्या, आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब.

८. मागच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र.

अठराव्या वाढदिवसानंतर

विशेष शाळांच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो: ‘आमच्यानंतर काय?’

शाळेचं वय अठरापर्यंत. त्यानंतर कार्यशाळा, पण त्या शाळांच्या मानाने थोड्या. आणि कायम राहण्याची सोय असलेली घरं त्याहून थोडी. अठराव्या वर्षी बाकीची मुलं कॉलेजात जातात, आणि हे मूल पुन्हा घरात येऊन खिडकीशी बसतं. आईची मात्र पन्नाशी आलेली असते, गुडघे बोलू लागलेले असतात.

ह्याच काळजीतून १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा झाला. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक आईला माहीत हव्यात.

एक, पालकत्व. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होतं, आणि आई-वडील त्याच्या वतीने सही करणारे आपोआप राहत नाहीत. वर सांगितलेल्या चार गटांतल्या व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. आई-वडीलही होऊ शकतात, नातलगही. त्या समितीत अधिकाऱ्यांबरोबर नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. हे काम ‘बघू नंतर’ म्हणून टाकू नका.

दोन, ‘निरामय’ आरोग्य विमा. ह्याच चार गटांसाठी, एक लाख रुपयांपर्यंतचा. आधी तपासणीची अट नाही, वयाची अट नाही. बाहेरून घेतलेल्या थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो. शुल्क अगदी थोडकं. अर्ज कसा करायचा हे जवळच्या नोंदणीकृत संस्थेत समजेल.

ह्या दोन्ही सोयी मिळवून द्यायला गावात जिवंत संस्था लागते, हे बघितलंत ना? संस्था बंद पडली की तिच्याबरोबर अर्ज भरून देणारा, समितीपुढे बोलणारा, आईला धीर देणारा माणूसही जातो. नुसती इमारत बंद पडत नाही.

मिठाई नको, रिक्षाचं भाडं द्या

आपल्याकडे अशा मुलांना जेवण घालण्याची चांगली रीत आहे. मुलाचा वाढदिवस, सासूबाईंचं वर्षश्राद्ध, लग्नाचा रौप्यमहोत्सव. भाव चांगलाच असतो. पण पितृपंधरवड्यात एकाच आठवड्यात चारदा जिलबी, आणि पावसाळ्यात मुलांच्या पायात धड चपला नाहीत, असंही होतं. त्यातून काही मुलांना फिट येतात, काहींना गोड चालत नाही, काहींना मऊच लागतं. तेव्हा ताटं घेऊन जाण्याआधी फोन करून विचारा: ‘ह्या महिन्यात तुम्हाला काय कमी आहे?’ उत्तर ऐकून चकित व्हाल. मोठ्या मुलांचे डायपर. फिनेल. झेरॉक्स. रिक्षाचं एका महिन्याचं भाडं. आजारी पडलेल्या मावशींच्या जागी बदली बाई.

देताना थोडी सावधगिरीही हवी. दारावर फोटोंचा आल्बम घेऊन ‘मूकबधिर मुलांसाठी’ म्हणत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर नोट ठेवू नका. संस्थेचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक विचारा. खरी संस्था असेल तर माणूस आनंदाने सांगेल, आणि तुम्ही प्रत्यक्ष येऊन बघा म्हणेल. पैसे शक्यतो चेकने किंवा बँकेतून थेट संस्थेच्या खात्यावर द्या, कुणाच्या खासगी खात्यावर नको. ज्याला सगळे ८०-जी म्हणतात ती प्राप्तिकराची सवलत २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत मुळीच मिळत नाही, हेही घरात सांगून ठेवा. म्हणजे मार्चमध्ये वाद नकोत!

आणि हो, दिल्यानंतर हिशेब मागायला संकोचू नका. वार्षिक अहवाल मागा. चांगल्या संस्थेला विचारलेलं आवडतं. हिशेब विचारणाऱ्या देणगीदारांमुळेच संस्थेची कागदपत्रं नीट राहतात, आणि कागदपत्रं नीट असली की अनुदानाची वाट मोकळी होते.

फी का घेता, असं विचारण्याआधी

मूल शाळेत घालणाऱ्या आईने पहिल्याच दिवशी चार गोष्टी विचाराव्यात. शाळा अनुदानित की विनाअनुदानित? शिक्षिका पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेल्या आहेत का? दिव्यांग कायद्याखालची नोंदणी चालू आहे का? अठरा वर्षांनंतरचा काही विचार आहे का?

आणि एक गोष्ट आपणही करायची. मुलाचा दाखला आणि ओळखपत्र काढून शाळेत द्यायचं. ‘लोक काय म्हणतील’, ‘बहिणीचं लग्न ठरायचंय’ म्हणून कितीतरी घरं दाखला काढायचं लांबवतात. त्यापायी मुलाच्या सवलती बुडतात, आणि कागदावर शाळेतलं एक मूल कमी दिसतं. दाखल्यावर साधारणपणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक योजना लागू होतात.

शाळेने थोडी फी मागितली तर ‘अनुदान मिळतं ना तुम्हाला?’ असं फटकन बोलू नका. वरचा ६० हजारांचा हिशेब आठवा. परवडत नसेल तर तसं मोकळेपणी सांगा, संस्था वाट काढते. पण परवडत असताना बुडवू नका.

वॉर्डातला प्रश्न

शेवटी त्या ५ टक्क्यांकडे वळू. आपल्या नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने हा निधी दरवर्षी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे, व्यक्तींना मदत म्हणूनही आणि सर्वांच्या उपयोगी सोयींसाठीही. पुष्कळ ठिकाणी तो मार्च उजाडला की घाईघाईने कुठेतरी खर्ची पडतो, नाहीतर पडून राहतो, कारण विचारणारं कुणी नसतं.

मतं मागायला दारात येणाऱ्या नगरसेवकाला आपण नळाच्या पाण्याचं विचारतो, कचऱ्याचं विचारतो. आता आणखी एक प्रश्न विचारा: ‘भाऊ, गेल्या वर्षी दिव्यांगांचे पाच टक्के किती झाले, आणि गेले कुठे?’ उत्तर मिळालं नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साध्या कागदावर लेखी विचारा. आपल्या महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत पाककृती स्पर्धेआधी दहा मिनिटं ह्याला द्या. गावातल्या संस्थेच्या ताईंना बोलवा, त्यांचा महिन्याचा हिशेब फळ्यावर मांडायला सांगा, आणि खिंड किती रुपयांची आहे ते बघा. मग घरटी किती पडतात ते काढायला काही लेखापाल लागत नाही.

अनुदान हा त्या मुलांचा हक्क आहे. तो मागायचाच, भांडून मागायचा. पण तो येईपर्यंत सात तारीख दर महिन्याला येत राहते, आणि रिक्षावाला सकाळी साडेनऊला दारात उभा असतो.